हाफक्लचबाईंची नवी गाडी

हाफक्लचबाईंचा डावा गुडघा संपावर गेला तो नेमका चढावर. पाण्याच्या टाकीकडे जाणारा हा चढ म्हणजे बाईंचं हक्काचं व्यासपीठ. सव्वीस वर्षं त्या तिथे प्रत्येक नव्या शिकाऊला एकच चमत्कार दाखवत आल्या होत्या. ऐन चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक सोडायचा, ब्रेकवरचा पायही काढायचा आणि अर्धवट सोडलेला क्लच नि जरासा अ‍ॅक्सिलरेटर एवढ्यावर गाडी जागच्या जागी तोलून धरायची. ना पुढे, ना मागे. "याला म्हणतात हाफक्लच," असं त्या दरवेळी म्हणत, आणि म्हणून अख्खं शहर त्यांना याच नावाने ओळखत असे. अर्थात त्यांच्या माघारी.

त्या मंगळवारी शेजारी गणिताच्या एक शिक्षिका वही उघडून बसल्या होत्या. बाईंनी गाडी तोलली, बोलायला तोंड उघडलं, आणि गुडघ्यात अशी कळ आली की पाय आपोआप सुटला. गाडीने आचका दिला, बंद पडली आणि हातभर मागे घसरली.

"म्हणजे असं करायचं नाही, हो ना?" शिक्षिकेने लिहून घेत विचारलं.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "नीट लिहून ठेवा."

मनातून मात्र त्या चरकल्या. त्यांच्या पायाखाली गाडी बंद पडली होती, आणि ही गोष्ट गेल्या सव्वीस वर्षांत एकदाही घडलेली नव्हती.

हाडांचे डॉक्टर बाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांनी फोटो उजेडात धरला, गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, आतली गादी झिजलीय. क्लच बंद."

"किती दिवस?"

"दिवसांचं नाही म्हणत मी. कायमचा बंद."

"शहाणाच आहेस! तीन वेळा नापास झालेल्याने मला क्लचबद्दल सांगू नये."

"म्हणून तर सांगतोय," डॉक्टर हसले. "तीन वेळा नापास झालो तेव्हा माझ्या वाटचा क्लच तुम्हीच दाबत होतात. या झिजेत थोडा वाटा माझाही आहे."

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतात, आणि समोरच्याचा पाय चुकला की आपला पाय चालवावा लागतो. शहरातल्या निम्म्या लोकांचे चुकलेले पाय बाईंच्या एका गुडघ्याने भरून काढले होते. आता त्या गुडघ्याने हिशेब मागितला तर त्याला दोष देता येत नव्हता. पण क्लच बंद म्हणजे गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे शिकवणी बंद. दारावरची पाटी उतरवायची आणि मग उरलेलं आयुष्य खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वळणं मोजायची. या विचारानेच बाईंना गलबलून आलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं असं नाही. त्यांना दुसरं काही करायचं नव्हतं.

घरी पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांचं दुकान होतं. हे टेलर. पडदे, सोफ्याची कव्हरं, पँटची उंची कमी करणं, आणि पोट सुटलेल्यांची कंबर काही न बोलता वाढवून देणं. या न बोलण्यामुळेच त्यांचं दुकान चालायचं, असं बाईंचं मत होतं. गळ्यात मोजायची टेप कायमची. लग्नाच्या फोटोतही ती कोटाच्या आत असावी, अशी बाईंना शंका होती.

टेलरांनी गुडघ्याची बातमी ऐकली, मशीन थांबवली आणि वर्तमानपत्राची घडी पुढे केली. पानभर जाहिरात होती. नवी इलेक्ट्रिक गाडी, आधीच्यांपेक्षा बरीच स्वस्त.

"हिला क्लच नसतो म्हणे," ते म्हणाले.

"क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. अहो, ही गाडी की फ्रिज?"

"फ्रिज तर फ्रिज. पण गुडघा वाचेल."

"क्लच नको तर ऑटोमॅटिक घेईन एखादी. पेट्रोलची."

"घे की. पण शिकाऊ लोकांच्या हातात दिवसभर थांबत-थांबत चालणार ती. किती पेट्रोल पिईल, ते तूच मला सांगायचीस."

बाईंनी जाहिरात उलटी करून ठेवली. मग सरळ केली. तीन दिवस ती घडी स्वयंपाकघरात ओट्यावर होती आणि दोघांपैकी कुणीही ती रद्दीत टाकली नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईंनी डॉक्टरांना शिकवलं, पोस्टमनला शिकवलं, एका ऐंशी वर्षांच्या आजोबांना शिकवलं. पण घरच्या टेलरांना गाडी येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकोणीस वर्षांपूर्वी तसा प्रयत्न झाला होता. तीन रविवार. तिसऱ्या रविवारी पोस्टासमोरच्या चौकात टेलरांच्या हातून गाडी चार वेळा बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. चौथ्या खेपेला बाई ओरडल्या, "उतरा!" इतर शिकाऊंना त्या हे शंभरदा म्हणत, त्याचा अर्थ एवढाच की जागा बदला, मी गाडी कडेला घेते. टेलर मात्र खरंच उतरले. दार हळूच लावलं आणि चालत घरी गेले. बाई घरी पोचल्या तेव्हा ते पडद्याला रिंगा लावत होते. रुसले नाहीत, बोलायचे थांबले नाहीत, उलट बाईंसाठी चहा टाकला. फक्त त्यानंतर ते गाडीत पुढच्या सीटवर कधी बसले नाहीत. कायम मागे. "मागे पाय पसरता येतात," म्हणायचे. बाईंना खरं कारण माहीत होतं, आणि बाईंना ते माहीत आहे हे टेलरांना माहीत होतं. तरी हा विषय घरात कुणी काढत नसे.

चौथ्या दिवशी दोघं शोरूममध्ये गेली. टेलर गळ्यातल्या टेपसकट. गाडी दाखवायला आलेली मुलगी बाईंना पाहून ताठ उभी राहिली.

"बाई! मला तुम्हीच शिकवलंत. आठवतं का? मी उजवीकडे वळताना डावीकडचा दिवा लावायचे."

"अजून लावतेस?"

"कधी-कधी," मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

गाडी छोटी होती, फिकट निळी, आणि बाईंना मनाविरुद्ध आवडली. काचा मोठ्या, वळायला अगदी थोडी जागा लागणारी. शिकवणीला असंच काहीतरी हवं. एकदा चार्ज केल्यावर दिवसभराच्या आठ-नऊ शिकवण्या आरामात होतील आणि चार्जिंग घरच्या दाराशी होईल, असं मुलीने सांगितलं. बाईंनी टायर लाथाडून पाहिलं, डिकीत डोकं घातलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मुलगी शेजारी. टेलर मागे.

"आता एकच सांगते, बाई. ही एका पेडलवर चालते. दाबलं की पळते, सोडलं की आपोआप हळू होते आणि थांबते. ब्रेक आहेच, पण लागत नाही फारसा."

"अच्छा!" मागून टेलर म्हणाले. बाईंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढची दहा मिनिटं कशी गेली ते बाईंनी नंतर कुणालाच सांगितलं नाही. म्हणून आपणच सांगू. गाडी निघाली ती सुरेख. दुकानांची रांग आली, बाईंनी सवयीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. त्यांच्या हिशेबाने गाडी आपल्या वेगात सरकत राहायला हवी होती. ती कुणीतरी मागून धरल्यासारखी आवरली. गाडी आवरली म्हटल्यावर बाईंचा डावा पाय सव्वीस वर्षांच्या शिरस्त्याने क्लच दाबायला धावला. क्लच नव्हताच. तिथे भला रुंद ब्रेक होता. तो दणकून दाबला गेला. मुलीचा चष्मा तिच्या मांडीवर आला आणि टेलरांचं कपाळ पुढच्या सीटला लागलं.

"एवढं रुंद पेडल ठेवतं का कुणी?" बाई कडाडल्या.

हे पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मुलगी चष्मा आधीच काढून हातात घेऊन बसली होती. जित्याची खोड म्हणतात ना, तसा तो डावा पाय. गुडघा दुखतोय तरी जायचा तो जायचाच. शेवटच्या वळणावर तर एका सायकलवाल्याने मागे वळून ओरडून विचारलं, "नवीन शिकताय का, मावशी?" बाईंचा चेहरा असा झाला की मुलीने शोरूमचा रस्ता नुसता बोटाने दाखवला.

घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. "नाही घ्यायची. सीट खोलगट आहे. पुढच्या काचेकडेचा खांब नजरेच्या आड येतो. आणि रंग लगेच मळेल."

"नाचता येईना, अंगण वाकडं," टेलर सुईत दोरा ओवत म्हणाले.

असं बोलायची त्यांची रीत नव्हती. बाई वळल्या. टेलर हसत नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकत होतं.

"ये इकडे," ते म्हणाले. "बस माझ्या जागी."

"कशाला?"

"अगं, ती पोरगी काय म्हणाली? दाबलं की पळते, सोडलं की थांबते. ही माझी मशीनच झाली की. मोटरची मशीन घेतली तेव्हा पहिले आठ दिवस मीही असाच धडपडत होतो. जुन्या मशीनवर दोन्ही पाय चालवायची सवय. नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी माझी बाही पडद्याला शिवून बसलो."

"हे मला कधी सांगितलं नाहीत!"

"तू हसली असतीस."

बाई हसल्या असत्या, यात वादच नव्हता. त्या मुकाट्याने स्टुलावर बसल्या. टेलरांनी एक जुनी उशी आणून जमिनीवर ठेवली आणि बाईंचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यावर अलगद ठेवला. "याला सुट्टी," ते म्हणाले. मग उरलेल्या पडद्याच्या कापडावर खडूने एक मोठा चौकोन आखला. "या रेघेवरून शिवत जायचं. कोपऱ्यावर थांबायचं. नेमकं कोपऱ्यावर. थांबायला काही दाबायचं नाही, नुसता पाय हलका करायचा."

पहिली शिवण रेघ सोडून थेट टेबलाच्या कडेपर्यंत गेली. दुसरी कोपऱ्याच्या अलीकडे चार बोटं थांबली. तिसऱ्या वेळी सुई मोडली. बाईंनी मान खाली घातली आणि वाट पाहिली. कशाची वाट पाहतोय हे त्यांना क्षणभराने कळलं. त्या ओरडण्याची वाट पाहत होत्या. स्वतः असत्या तर त्या एव्हाना ओरडल्या असत्या.

टेलरांनी मोडकी सुई डबीत टाकली, नवी बसवली. "सुया भरपूर आहेत," एवढंच म्हणाले.

गुरूची विद्या गुरूला मिळते ती अशी. त्या आठवड्यात बाईंनी शिकवणीला सुट्टी टाकली आणि रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, पडद्याचे तुकडे शिवले. हळूहळू पायाला उमगायला लागलं. पाय सोडणं वेगळं, हलका करणं वेगळं. पाचव्या दुपारी चौकोनाचे चारही कोपरे नेमके आले. बाईंनी कापड उजेडात धरून पाहिलं. त्यांना इतका आनंद झाला की त्या एकदम बोलून गेल्या.

"अहो, त्या दिवशी मी ओरडले नसते तर तुम्हाला आली असती का हो गाडी?"

त्या दिवशी म्हणजे कुठल्या, हे टेलरांनी विचारलं नाही.

"कुणास ठाऊक. माझे दोन पाय एकमेकांशी भांडायचेच," ते म्हणाले. "तू ओरडलीस त्याचं काही नाही गं. ओरडणं तुझं रोजचंच. पण चारचौघांत 'उतरा' म्हणालीस, ते लागलं."

एकोणीस वर्षं हा माणूस मागच्या सीटवर बसला होता, आणि त्यांनी आरशातून त्याच्याकडे बघण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"बरं," टेलर म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले. ते आत बराच वेळ होते. चहाला तेवढा वेळ लागत नाही.

पुढच्या सोमवारी बाईंनी पुन्हा गाडी चालवून पाहिली. डावा पाय मागे घेऊन ठेवला होता आणि उजवा पाय शिवणीच्या हिशेबाने चालत होता. पहिला सिग्नल, कोपरा. दुसरा सिग्नल, कोपरा. मुलीने हळूच चष्मा डोळ्यांवर चढवला. पाण्याच्या टाकीच्या चढावर बाईंनी मुद्दाम गाडी थांबवली, तर ती आपली आपण उभी राहिली, ना पुढे, ना मागे. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र थोडं मावळलं.

घरी आल्यावर टेलरांनी विचारलं, "आता काय झालं? अंगण सरळ आहे ना?"

"अंगण सरळ आहे हो. पण मी तिथे बसून शिकवू काय? ज्याला सव्वीस वर्षं चमत्कार म्हणत होते, तो ही गाडी स्वतःच करते. उद्या लोक म्हणतील, बाईंना शिकवायला उरलंय तरी काय? आणि एवढी नवी गाडी घेतली आणि कुणी आलंच नाही तर?"

टेलर काउंटरच्या खणाशी गेले आणि बटणांच्या डब्याखालून एक कागद काढून बाईंसमोर ठेवला. शिकाऊ परवान्याचा अर्ज होता. सुबक अक्षरात पूर्ण भरलेला, फोटो चिकटवलेला. शिकवणारी संस्था, या रकान्यात बाईंच्या शिकवणीचं नाव होतं.

"एक विद्यार्थी आहे," टेलर म्हणाले. "वय जास्त आहे. स्वभावाने बरा. पण तो म्हणतो, शिकेन तर इलेक्ट्रिकवरच."

बाईंनी कागद दोनदा वाचला. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसायला लागली, म्हणून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली.

"हा फोटो चालायचा नाही. यात टेप दिसतेय."

निळी गाडी महिन्याभरात दारात आली. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक बसवून घेतला. जादा क्लचचा प्रश्नच नव्हता. जुनी गाडी स्टेशनजवळच्या दुसऱ्या शिकवणीला गेली, आणि क्लचवरच शिकायचं म्हणणाऱ्यांना बाई आता तिकडे पाठवतात. असे हट्टी निघाले मोजकेच. गणिताच्या शिक्षिकेने नवी वही घातली. हाडांच्या डॉक्टरांनी आपल्या बायकोला पाठवलं आणि निरोप दिला, गुडघ्याला माझ्याकडून भेट. शिकवायला काय उरलं, याचंही उत्तर मिळालं. रस्ता उरला, माणसं उरली, आणि वळताना दिवा कुठला लावायचा तेही उरलंच होतं.

शिकाऊ परवाना हातात आल्यावरच्या पहिल्या रविवारी सकाळी टेलर गाडीपाशी आले. सवयीने त्यांचा हात मागच्या दाराकडे गेला.

"तिकडे नाही," बाई म्हणाल्या.

टेलरांनी टेप गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बाई शेजारी. गाडी निघाली ती इतक्या हळुवार की बाईंना कळलंच नाही कधी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. बाईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर तयार होता आणि जीभ टाळ्याला लावून ठेवलेली होती. पायाला नि जिभेला, दोन्हींनाही काम पडलं नाही. तीस वर्षं मखमलीपासून मांजरपाटापर्यंत सगळं सरळ रेघेत चालवलेला पाय होता तो.

मग पोस्टासमोरचा चौक आला. सिग्नल लाल झाला. टेलरांनी पाय हलका केला आणि गाडी पांढऱ्या पट्ट्यावर येऊन थांबली. नेमकी कोपऱ्यावर. दिवा हिरवा झाला तरी ते क्षणभर तसेच बसून राहिले. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

टेलर समोरच बघत म्हणाले, "उतरू?"

"खबरदार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला, दोन्ही चपला काढल्या आणि पाय लांब पसरले. सव्वीस वर्षांत शिकवणीच्या गाडीत पुढे बसून त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

"मला घरी घेऊन चला," त्या म्हणाल्या. "लांबच्या रस्त्याने."